बॅगेतला ड्रोन आणि जुने किल्लारी

२०२३ च्या जुलै महिन्यात शारजाहून आमच्या भाच्याचा फोन आला. "मामू, सप्टेंबरात येतोय. येताना ड्रोन आणू का?" आम्ही तेव्हा घटक चाचणीचे पेपर तपासत बसलो होतो. फारसा विचार न करता म्हणालो, "आण की." प्रश्न नीट वाचा, मगच उत्तर लिहा, असे मुलांना रोज बजावणाऱ्या माणसाने प्रश्न न वाचताच उत्तर देऊन टाकले होते.

भाच्याला ड्रोन हौसेसाठी नको होता. त्याच्या अम्मीसाठी, म्हणजे आमच्या आपासाठी हवा होता.

आपाचे सासर किल्लारीचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि तिच्या कुशीत दीड वर्षाची मुलगी झोपलेली होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जनाची मिरवणूक पाहून गाव उशिरा झोपले होते. आधीच्या वर्षापासून अधूनमधून जमीन हादरत असे, लोकांना त्याची सवयच झाली होती. आमच्याकडची जुनी घरे वाचकांना माहीत असतील. दोन-अडीच हात रुंद दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळयांवर मातीचे जाड माळवद. वैशाखातही आत गारवा असायचा. तेच माळवद झोपलेल्या माणसांवर आले. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली.

आपाला दुपारी ढिगाऱ्यातून काढले. दोन्ही पाय दबलेले. तिला सोलापूरला नेले. मुलगी तिच्या शेजारीच सापडली, पण ती पहाटेच अल्लाहला प्यारी झाली होती. आम्ही औशाचे. तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. अब्बा मिळेल त्या वाहनाने किल्लारीला पोहोचले आणि भर पावसात नातीला दफन करून आले. आपा सोलापूरहून परतली तोवर सगळे होऊन गेले होते. अब्बा तिला एवढेच सांगत, "कब्रस्तानच्या दक्षिणेच्या बांधाला दोन निंब आहेत. त्यांच्या मधोमध आहे ती." पुढे अब्बाही गेले. भाचा १९९६ चा, म्हणजे त्याने बहिणीला पाहिलेलेच नाही.

आपा आता मुलाजवळ शारजाला असते. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, त्यामुळे लांबचा सफर तिला झेपत नाही. एका रात्री ती मुलाला म्हणाली, "तिथं आता काय आहे रे? एकदा दाखव मला." एवढ्यावरून हा ड्रोनचा विचार निघाला. आम्ही दोन वर्षांपूर्वी तिथे जाऊन मोबाईलवर फोटो काढले होते, पण त्यात वेड्या बाभळी आणि कमरेएवढे गवत याखेरीज काही दिसत नव्हते. जमिनीवरून कुठले निंब नि कुठला बांध, काहीच उमगत नाही. वरून पाहिले तर उमगेल, असे भाच्याचे म्हणणे, आणि ते पुढे खरेही ठरले.

आमच्या शाळेत एक पालक आहेत, लग्नांच्या शूटिंगचा धंदा करतात. भाचा निघायच्या आदल्या दिवशी ते मुलाचा दाखला न्यायला आले, तेव्हा सहज विषय निघाला. त्यांनी कपाळाला हात लावला. "सर, बाहेरून ड्रोन आणता येत नाही. बंदी आहे." आम्हाला वाटले, काही तरी कर भरावा लागत असेल. पण तसे नव्हते. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी केंद्र सरकारच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढ्याच कामांसाठी परवानगी घेऊन सूट आहे. सुटे भाग आणता येतात, पण तयार ड्रोन नाही. मग तो मूठभर असो, की घरातल्या माणसाने भेट म्हणून आणलेला असो.

आम्ही लगेच फोन लावला. लागला नाही. निरोप टाकून ठेवला, तो भाच्याने विमानतळावर सामान दिल्यानंतर वाचला.

सामान देतानाही त्याची एक फजिती झालीच होती. ड्रोन, त्याच्या दोन जादा बॅटऱ्या आणि पॉवर बँक हे सगळे त्याने नीट कपड्यांत गुंडाळून मोठ्या सुटकेसमध्ये ठेवले होते. जड वस्तू मोठ्या बॅगेत, हा आपल्या सगळ्यांचाच हिशेब. काउंटरवर विचारले, "आत लिथियम बॅटरी आहे का?" तो हो म्हणाला, आणि मग तिथेच फरशीवर सुटकेस उघडावी लागली. वरती आपाने अम्मीसाठी दिलेले गरम कपडे, खजुराचे डबे, मुलांची चॉकलेटे. मागे रांग खोळंबलेली. लाज वाटली म्हणाला.

यातला नियम साधा आहे आणि विमानाने जाणाऱ्या प्रत्येक घराने तो लक्षात ठेवावा, ड्रोन असो वा नसो. सुटी लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक कधीच चेक-इन सामानात द्यायची नाही, ती आपल्या हातातल्या बॅगेत हवी. आम्हाला हे उलटे वाटे. धोक्याची वस्तू माणसांपासून लांब ठेवायला हवी ना? पण या बॅटरीची दोन टोके किल्लीला किंवा नाण्याला चिकटली तर ती तापते, पेट घेते आणि शेजारच्या बॅटरीलाही पेटवते. माणसांसमोर पेटली तर विमानातले कर्मचारी विझवू शकतात. पोटातल्या सामानात पेटली तर तिथे कोण जाणार? सप्टेंबर २०१० मध्ये दुबईहून उडालेल्या एका मालवाहू विमानात अशीच आग लागली. त्यात हजारो लिथियम बॅटऱ्या होत्या. विमान परत वळले, पण धुराने वैमानिकांना समोरची यंत्रेही दिसेनाशी झाली आणि दोघेही गेले.

किती मोठी बॅटरी चालते, हे वॅट-तासांवर ठरते. आठवीच्या मुलांना आम्ही हे गणित घातले. व्होल्टला आंपियर-तासांनी गुणायचे. भाच्याच्या ड्रोनच्या बॅटरीवर २४५३ मिलिआंपियर-तास आणि ७.३८ व्होल्ट लिहिले होते, म्हणजे २.४५३ गुणिले ७.३८, सुमारे १८ वॅट-तास. शंभरपर्यंतच्या बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही. शंभर ते एकशे साठ असेल तर विमान कंपनीची आधी संमती हवी आणि अशा सुट्या दोनच नेता येतात. त्यावरची नेताच येत नाही. बाजारातली २०,००० ची पॉवर बँक ३.७ व्होल्टने गुणली की ७४ येते, म्हणून ती चालते. एका मुलीने हात वर करून विचारले, "सर, आकडाच पुसला असेल तर?" तर सुरक्षा तपासणीत ती पॉवर बँक तिथेच सोडावी लागू शकते, हे तिचे उत्तर. स्वस्तातल्या बिननावाच्या पॉवर बँका घेणाऱ्यांनी एवढे तरी बघावे.

बाकी बांधाबांध शूटिंगवाल्या पालकांनी शिकवली. त्यांनी आयुष्यभर कॅमेरे वाहिले आहेत, त्यांचा शब्द आम्ही प्रमाण मानतो. प्रत्येक बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती वेगळ्या पिशवीत ठेवायची. प्रवासाआधी ती पूर्ण भरायची नाही, निम्मी असली तरी पुरे. लेन्स कॅमेऱ्यापासून सोडवून दोन्हीकडे झाकणे लावायची. तिकाटणे आणि पेचकस मोठ्या बॅगेत टाकायचे, कॅमेरा मात्र कधीच नाही. तपासणीच्या वेळी तो बॅगेतून काढून ट्रेमध्ये ठेवावा लागतो, म्हणून सगळ्यात वर असू द्यावा. हातातल्या बॅगेला बहुतेक ठिकाणी सात किलोची मर्यादा असते, तेव्हा घरीच वजन करावे. भाजीचा काटाही चालतो. आणि मेमरी कार्ड? ते म्हणाले, "सर, कॅमेरा परत घेता येतो. कार्डातलं परत घेता येत नाही. ते पाकिटात, अंगावर." ड्रोनचे धड मात्र काही विमान कंपन्या हातात घेऊ देतात, काही देत नाहीत. तिकिटाबरोबरचे नियम पाहूनच ठरवावे.

उमऱ्याला निघालेल्यांसाठी एक वेगळी सूचना. सौदी अरेबियात तिथल्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ड्रोन नेता येत नाही, विमानतळावरच काढून घेतात. हरमचे वरून चित्रण करू, अशी तरुण मुलांची कल्पना असते. ती घरीच मोडून काढावी.

आता भारतातल्या विमानतळाची गोष्ट. सामानाच्या पट्ट्याजवळ भाचा उभा होता आणि आमचा निरोप त्याच्या हातात. शेजारच्या प्रवाशाने सल्ला दिला, "पंखे काढ, कपड्यात गुंडाळ आणि हिरव्या दारातून निघून जा. कोण बघतंय?" त्याने आम्हाला फोन केला. "मामू, काय करू?"

खरे सांगायचे तर आम्ही लगेच बोललो नाही. नियम माहीत होता, पण डोळ्यापुढे आपा होती. तीस वर्षांत तिने आमच्याकडे काही मागितले नव्हते. तेवढ्यात भाचाच म्हणाला, "अम्मीला कसं सांगू, की लपवून आणला म्हणून?" आम्ही म्हणालो, "लाल दारातून जा बेटा."

तिथे त्याने स्वतःहून सांगितले, ड्रोन आहे. अधिकाऱ्याने तो ठेवून घेतला आणि पावती दिली. सीमाशुल्क कायदा १९६२, कलम ८०, हे आम्हाला तेव्हा कळले. प्रवाशाने बंदी असलेली वस्तू खरेपणाने जाहीर केली, तर ती त्याच्या विनंतीवरून ठेवून घेता येते आणि देश सोडताना परत मिळू शकते. लपवलेली सापडली तर ही सवलत नाही. जप्ती आणि दंड होतो. भाच्याचे परतीचे तिकीट त्याच विमानतळाचे होते, हे बरे झाले.

२७ तारखेला तो रात्रीच्या बसने लातूरला उतरला. कॅमेऱ्याची बॅग छातीशी धरलेली, आणि तोंड पडलेले.

त्या आठवड्यात सगळा महाराष्ट्रच धावपळीत होता. अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आल्या होत्या, आणि पोलिसांवर ताण नको म्हणून राज्यात अनेक ठिकाणी आपल्या लोकांनी मिलादचे जुलूस २९ तारखेला काढले. अशा सणावाराच्या काळात ड्रोन उडवण्यावर स्थानिक बंदीचे आदेश निघू शकतात, म्हणून आधी विचारावे हे उत्तम. शूटिंगवाल्या पालकांना आम्ही सगळी हकीकत सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "आमचा आहे ना. रीतसर नोंदणीचा आहे, माझ्याकडे उडवण्याचं प्रमाणपत्र आहे. मी येतो." त्यांनी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर किल्लारीचा भाग तपासला. तो हिरव्या क्षेत्रात होता. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. तरी आम्ही पोलीस ठाण्यात जाऊन कल्पना दिली.

दिवस मात्र बदलला. ३० तारखेला जुन्या गावातल्या स्मृतिस्तंभाजवळ लोक जमतात, दिवंगतांना मानवंदना दिली जाते. त्या वर्षी तर तीस वर्षे पूर्ण होत होती. रडणाऱ्या माणसांच्या डोक्यावर भुणभुणणारे यंत्र फिरवायचे नाही, असे आम्ही ठरवले. १ ऑक्टोबरला, रविवारी, फजर पढून लातूरहून निघालो.

औसा मागे पडले. आमचे गाव, पण थांबलो नाही. पुढे लामजना, मग किल्लारी. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळे पडत आलेले, काही रानांत काढणी सुरू झालेली, अधूनमधून ऊस आणि तुरी. लातूरहून हे अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचे. अब्बांना त्या दिवशी हेच अंतर संपता संपत नव्हते.

नवे किल्लारी पाहणाऱ्याला पटकन समजत नाही, की हे खेडे आहे की वसाहत. रुंद सरळ रस्ते, सारख्या अंतरावर घरे. जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन झाले, पूर्ण उद्ध्वस्त झालेली बावन्न गावे नव्या जागी वसवली. घरे जमिनीच्या हिशेबाने मिळाली. भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४५०, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. तीस वर्षांत लोकांनी पुढे पत्रे टाकले, मागे खोल्या चढवल्या. पण भिंतीला भिंत लागलेली गल्ली, ओट्यावरून ओट्यावर दिली जाणारी भाजीची वाटी, ते काही या रुंद रस्त्यांवर आले नाही, असे तिथल्या बायका सांगतात. आपाही तेच म्हणते. तिच्या सासरचे वाचलेले लोक काही दिवस पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, मग नव्या घरात आणि मग कामाच्या शोधात पांगले.

जुन्या गावात शिरताना भाच्याने कॅमेरा गळ्यात घातला आणि लगेच काढून ठेवला. पायाखाली दगड होते. घडवलेले, कोपऱ्यांचे दगड. कोणाच्या तरी उंबऱ्याचे असावेत.

कब्रस्तानात आधी एका बुजुर्गांची परवानगी घेतली. ते चिडले. "कब्रस्तानवर हे खेळणं उडवता? काय तमाशा आहे का?" त्यांचे चुकत नव्हते. तीस वर्षांत कॅमेरे घेऊन आलेली बरीच माणसे त्यांनी पाहिली होती. येतात, ढिगारा मागतात, कोणी रडत असेल तर जवळ जातात आणि निघून जातात. आम्ही हात जोडून आपाचे आणि तिच्या सासऱ्यांचे नाव सांगितले. ते बराच वेळ भाच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे त्या लेकराचा भाऊ का तू?" आणि घरात जाऊन विळा घेऊन आले.

ड्रोन उडाला. पालकांच्या हातातल्या पडद्यावर आम्ही चौघे डोकी घालून पाहत होतो. दीडशे-दोनशे फुटांवर गेल्यावर एकदम सगळे उलगडले. ज्याला आम्ही नुसते रान समजत होतो, त्यात रेषा होत्या. जिथे गल्ली होती तिथे गवत खुरटे, जिथे भिंती पडल्या तिथे दगडांवर बाभळी. गावाचा नकाशा अजून जमिनीत होता. कब्रस्तानचा बांध स्पष्ट दिसला. त्याच्या दक्षिणेला एक निंब, मोठा, डेरेदार.

एकच.

भाच्याने आमच्याकडे पाहिले. बुजुर्ग म्हणाले, "दुसरा गेला. वादळात पडला. बुंधा असेल बघा." पालकांनी ड्रोन थोडा खाली घेतला. निंबापासून पंधरा-वीस पावलांवर गवतात एक काळपट वर्तुळ दिसले. आम्ही तिकडे गेलो. खोडाचा कुजत आलेला बुंधा होता. बुजुर्गांनी निंब आणि बुंधा यांच्यामधले गवत कापायला सुरुवात केली. आम्ही विळा मागितला तर त्यांनी दिला नाही. एका जागी मातीचा किंचित उंचवटा होता, हातभर. तोच असेल असे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. तिथे उभे राहून फातिहा पढली. भाचा पढताना मध्येच थांबला, मग पुन्हा पहिल्यापासून पढला.

ड्रोनचे काम वीस-पंचवीस मिनिटांत संपले. भाच्याने कॅमेरा तिकाटण्यावर लावून ठेवला होता. तो चालूच राहिला होता, हे त्याच्याही लक्षात नव्हते.

परतीची बांधाबांध आमच्या घरी, अम्मीच्या पलंगावर झाली. या वेळी बॅटऱ्यांच्या टोकांना पट्ट्या आमच्या आठवीतल्या मुलीने लावल्या. चित्रण दोन कार्डांवर घेतले. एक भाच्याच्या पाकिटात, एक कॅमेऱ्याच्या बॅगेत. आमच्या जुन्या संगणकावरही एक प्रत ठेवली. अम्मीने विचारले, "एवढं जपताय, काय आहे त्यात?" भाचा म्हणाला, "आपाचं गाव आहे, नानी." त्याची ती बहीण तो लहानपणापासून 'आपा' म्हणूनच संबोधतो. जाताना पावती दाखवून त्याने आपला ड्रोन परत घेतला. तिथे दोन तास गेले, म्हणून विमानाच्या वेळेच्या बरेच आधी पोहोचावे.

शारजाला त्याने आपाला मोठ्या टीव्हीवर सगळे दाखवले. रात्री तिचा फोन आला. वरून घेतलेले चित्रण तिने दोनदा पाहिले. विहिरीपासून बोटाने वाट काढत ती स्वतःच्या घराच्या जागेपर्यंत गेली. तिथे एक बाभूळ आहे म्हणाली. मग विचारले, "ह्याला आवाज का नाही?"

ड्रोनच्या चित्रणाला आवाज नसतो. वर माईक असला तरी पंख्यांच्या घरघरीशिवाय काही ऐकू येणार नाही. आम्हाला हे तोवर सुचलेच नव्हते.

तेव्हा भाच्याने तिला कॅमेऱ्यातले ते चुकून चालू राहिलेले चित्रण लावून दिले. त्यात चौकट तिरपी आहे, अर्ध्या भागात नुसते गवत आहे, आणि माणसांचे फक्त पाय दिसतात. पण विळ्याचा आवाज आहे. निंबावरच्या पोपटांचा आहे. आमचा फातिहा आहे, भाचा जिथे थांबला तिथले थांबणे आहे. आणि शेवटी बुजुर्ग कोणाला तरी सांगतात, "अजून थोडं कापू दे. पोरीची आई बघणार आहे."

डायलिसिसला जाताना आपा आता तेवढेच मोबाईलवर घेऊन जाते.